देवळात टांगलेली छाती

पुंजाजींची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांचं पंधरा दिवसांचं औषध एका तांब्यात ठार केलं तेव्हा.

सत्त्याहत्तर सालचा जून, पहिलाच सोमवार. हिंगोलीच्या धर्मादाय दवाखान्यात एक्स-रेची एक खोली होती. तिच्या व्हरांड्यात मी बसलो होतो आणि घशाला कोरड पडली होती. समोर भिंतीच्या सावलीला दोन मोठ्या बरण्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. वर लाकडी पाट, पाटावर तांब्या. आता ओलं गोणपाट, पाट आणि तांब्या या तीन वस्तू एका जागी दिसल्या तर मराठवाड्यातला माणूस अधिक चौकशी करत नाही. मी तांब्या बुडवला, तोंडाजवळ नेला, तर आंबलेल्या लोणच्यासारखा वास आला. पाणी वाया घालवू नये हे मी चौदा वर्षं वर्गावर शिकवत आलो होतो, म्हणून तांब्या फेकला नाही. परत ओतला. फक्त तो भरला होता उजव्या बरणीतून आणि ओतला डाव्या बरणीत.

दार उघडलं. आतल्या काळोखातून एक काटकुळा, पन्नाशीचा माणूस घुबडासारखे डोळे मिचकावत बाहेर आला. खाकी अर्धी विजार, वर रबराचा एप्रन, दोन्ही हातांची नखं काळी. त्यानं माझ्या हातातला तांब्या पाहिला, मग बरण्या पाहिल्या.

"कोन्त्यातून कोन्त्यात?"

मी बोटानं दाखवलं.

"काय करता तुमी?"

"शाळेत शिकवतो. हायस्कूलला."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "लेकरायच्या डोक्यात बी असंच ओतत असतान. या डोक्यातलं त्या डोक्यात."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. समजावण्याचा सूर असा, की आठवीतल्या सगळ्यांत मठ्ठ पोरालाही मी तो कधी लावलेला नाही. डाव्या बरणीतल्या औषधानं फिल्मवर चित्र उमटतं, उजव्या बरणीतल्या औषधानं ते पक्कं होतं. चित्र आधी पहिल्यात, मग दुसऱ्यात. पण दुसऱ्याचा थेंब पहिल्यात गेला की पहिलं मेलं. "दुधात ताक पडावं तसं. तुमी तर तांब्याभर ताक घातलं." उन्हाळ्यात औषध तापलं की फिल्मवरचा थर साईसारखा घसरून येतो, म्हणून पुंजाजी रोज पहाटे गोणपाट भिजवून औषध गार ठेवायचे. नवं औषध परभणीहून यायचं, आणि परभणीहून हिंगोलीला काय यायचं ते परभणीच्या मर्जीनं यायचं.

आमचं नशीब एवढंच, की कपाटात अडीअडचणीला ठेवलेली अर्धी बाटली होती. ती त्यांनी आमच्यासाठी फोडली. माझ्यासाठी नव्हे. पंचफुलासाठी.

पंचफुला माझी जुनी विद्यार्थिनी. सेनगावच्या पुढं साखरा म्हणून गाव आहे, तिथली. वसतिगृहात राहून मॅट्रिक झाली, डी.एड. झाली, आणि हट्ट्याच्या प्राथमिक शाळेवर नेमणुकीचा हुकूम आला. साखऱ्याच्या पंचक्रोशीत मास्तरीण झालेली ही पहिली मुलगी. हुकमात एक अट होती. तेरा जूनच्या सोमवारी रुजू होताना छातीचा फोटो पाहून डॉक्टरनं दिलेला तब्येतीचा दाखला हवा. दाखला नसेल तर यादीतलं पुढचं नाव. पुढच्या नावाचे मामा पंचायत समितीत होते, त्यामुळे पुढचं नाव हट्ट्याला खोली बघून आलं होतं अशी बातमी होती.

"चांदीची साखळी काढ. येनी वर बांध," पुंजाजी आतून ओरडत होते. "येनी छातीवर आली तर डाक्टर तिलाच रोग समजंल. फळीला छाती चिकटव. हनुवटी वर. दम घे... कोंड!"

हा 'कोंड' ते अशा आवाजात म्हणत की व्हरांड्यातले सगळे रोगी, त्यांचे नातेवाईक आणि रस्त्यावरचा शेंगदाणेवाला एकदम श्वास धरीत. मीही धरला. "सोड!" म्हटल्यावर सगळा व्हरांडा हुश्श करायचा. पुंजाजींना याचं काही कौतुक नव्हतं. त्यांच्या मते हिंगोलीतल्या माणसांना जन्मभरात एवढं एकच काम सांगितल्याबरोबर जमत होतं.

पुढच्या पंधरा मिनिटांत मला त्यांचं जगाविषयीचं मत कळलं. ते चांगलं नव्हतं. एक्स-रेला लोक 'फोटू' म्हणत, आणि फोटू म्हटल्यावर नटूनथटून येत. बायका पावडर लावून, पुरुष नवा फेटा बांधून. धर्मसिंग शेठ म्हणून एक व्यापारी कोट घालून आले होते. कोट काढायला लावला तर रुसले. फिल्म हातात पडल्यावर म्हणाले, "यात मी फार बारीक दिसून राहिलो." पुंजाजी म्हणाले, "शेठ, आतून सगळेच बारीक असतात." तेव्हापासून शेठ दवाखान्याला देणगी देताना एक्स-रेची खोली वगळून देत.

पुंजाजी मूळचे कनेरगाव नाक्याचे. एकोणीसशे त्रेपन्नला झाडूवाला म्हणून या दवाखान्यात लागले. थोरल्या डॉक्टरांनी, म्हणजे ज्यांनी हा दवाखाना उभा केला त्यांनी, त्यांना झाडू खाली ठेवायला लावून काळोखाच्या खोलीत नेलं आणि फिल्म धुवायला शिकवलं. धुता धुता हे वाचायला शिकले. चोवीस वर्षांत तीस हजार छात्या त्यांच्या हातांखालून गेल्या होत्या. कागदावर हुद्दा 'डार्करूम अटेंडंट'. थोरले डॉक्टर त्यांना 'पुंजाजी' म्हणत. थोरले वारल्यावर आलेले, पुंजाजींहून चोवीस वर्षांनी तरी लहान असलेले नवे डॉक्टर म्हणत, "ए पुंजा."

फिल्म ओलीच क्लिपला लावून पुंजाजींनी उजेडापुढं धरली. मीही पाहिली. दोन्ही फुप्फुसांत, वरपासून खालपर्यंत, पांढरे ठिपके. काळ्या घोंगडीवर ज्वारीच्या कण्या सांडाव्यात तसे.

मला एकदम आशा वाटली.

"पुंजाजी," मी म्हणालो, "हे माझ्या तांब्यामुळं तर नाही झालं? औषधाचे शिंतोडे?"

त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "सर, तुमचा तांब्या येवढा मोठा न्हाई."

नवे डॉक्टर औरंगाबादहून ताजे ताजे आलेले होते. गळ्यातली नळी ते जेवतानाही काढत नसावेत. त्यांनी फिल्म खिडकीकडं धरली, चार सेकंद पाहिली. मी मोजले. वर्तमानपत्रातलं हवामान वाचायला मला याहून जास्त वेळ लागतो. म्हणाले, "मिलियरी. दोन्ही बाजूंना पसरलेला क्षय. ही मुलगी चाळीस पोरांच्या वर्गात? अशक्य."

"पण डॉक्टर, तिला ताप नाही, खोकला नाही. सकाळी साखऱ्याहून सेनगावपर्यंत चालत आली."

"सर, तुम्ही शाळा बघा."

दारात उभे असलेले पुंजाजी म्हणाले, "साहेब, हे डाग जुने वाटून राहिले. क्षयाचा डाग मऊ असतो, कापसावानी. याच्या कडा पाहा कशा तासल्यावानी हायेत. खडे हायेत हे. चुन्याचे."

"ए पुंजा, तू फिल्म धू."

पुंजाजी आत गेले आणि खरंच फिल्म धुवायला लागले. पंचफुला भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, क्षय म्हणून एकदा लिहिलं की शाळा तर जाईलच, पण गावातसुद्धा मला कोणी पाण्याचा पेला देणार नाही." आणि हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

थोड्या वेळानं पुंजाजींनी मला खुणेनं आत बोलावलं. काळोखात लाल दिवा होता. त्यात त्यांची मुद्रा नेहमीपेक्षाही तुच्छतेची दिसत होती.

"मी ही छाती पाह्यली हाय," ते म्हणाले.

"म्हणजे पंचफुलाला ओळखता?"

"तोंडं न्हाई ध्यानात राहत मला. तोंडं सगळी सारखीच असतात. छाती राहते. हिची डावी दुसरी फासळी पुढं जाऊन दुभंगली हाय, बेचक्यावानी. जल्मापासूनच. अशी मी एकच पाह्यली. बहात्तर साली." मग दाराकडं वळून, "ए पोरी, तुला बहात्तर साली काय झालतं?"

"कांजिण्या," पंचफुला म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. बहात्तरच्या फाल्गुनात साखऱ्यात कांजिण्यांची साथ आली. लहान लेकरं आठ दिवसांत उड्या मारू लागली. पण हाच आजार मोठ्या वयात झाला तर कधी कधी छातीत उतरतो. पंचफुला तेव्हा सतराची. चौथ्या दिवशी तिला श्वास पुरेना, थुंकीत रक्त दिसलं. गावात कोणताही पुरळ आला की शितळामाय आली म्हणतात, औषध देत नाहीत, कडूनिंबाचा पाला बांधतात. पण तिची आई जनकाबाई हिमतीची, तिनं बैलगाडी जुंपून लेकीला हिंगोलीला आणली. थोरल्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. दोन्ही फुप्फुसांत लाह्या फुटल्यागत मोठे मोठे डाग होते. वीस दिवस मुलगी दवाखान्यात होती आणि वाचली.

"त्या लाह्यांची आता कनी झाली," पुंजाजी म्हणाले. "जखम भरली, आत चुना धरला. अंगावर वन राह्यले तसे आतबी राह्यले. जुनी फिल्म अन् नवी फिल्म शेजारी लावली तर आंधळ्यालाबी दिसंल. जिथं लाही तिथं कनी. रोग असता तर पाच वर्षांत वाढला असता, का आटला असता?"

"मग लावा ना शेजारी!"

त्यांनी रजिस्टर काढलं. फिल्म नंबर तीनशे अकरा, बहात्तर. शेरा: 'नातेवाइकास दिली.'

आम्ही दोघांनी पंचफुलाकडं पाहिलं. पंचफुलानं जमिनीकडं पाहिलं.

"आईनं ती देवीला वाहिली," ती म्हणाली.

चूक तशी कुणाचीच नव्हती. थोरले डॉक्टर भला माणूस. मुलगी बरी झाल्यावर त्यांनी फिल्म जनकाबाईला दाखवली आणि तिला कळेल अशा भाषेत सांगितलं, की बाई, जशी ही अंगावर आली होती ना, तशीच आत काळजाजवळही उतरली होती, हे बघ ठिपके. डॉक्टरांना म्हणायचं होतं कांजिण्या. जनकाबाईनं ऐकलं शितळामाय. म्हणजे देवीचा फोटो! आजवर कोणाला देवी डोळ्यांनी दिसली नव्हती, ती हिच्या लेकीच्या छातीत जाऊन बसली आणि दवाखान्याच्या मशीननं तिचा फोटो काढला. असली वस्तू घरात कशी ठेवायची? तिनं ती वाजतगाजत नेऊन देवळात वाहिली.

बुधवारी आम्ही तिघं साखऱ्याला गेलो. सेनगावपर्यंत एस.टी., पुढं बैलगाडी. पुंजाजींनी रजा काढली होती. चोवीस वर्षांतली तिसरी. पहिल्या दोन कशासाठी होत्या हे विचारलं, तर म्हणाले, "पोरी झाल्या तवा." वाटेत त्यांनी बैलाच्या चालीपासून माझ्या धोतरापर्यंत सगळ्यांना नावं ठेवली. पंचफुला एकदाच हसली, त्यांनी माझ्या धोतराला नाव ठेवलं तेव्हा.

देऊळ गावाच्या कडेला, लिंबाखाली. पत्र्याचं छप्पर, शेंदरी दगड, दगडामागं एक झरोका. त्या झरोक्यात फिल्म नंबर तीनशे अकरा लाल दोऱ्यानं बांधून टांगलेली. दुपारचं ऊन मागून येत होतं आणि पंचफुलाची सतरा वर्षांची छाती आतल्या अंधारात झळकत होती. फासळ्या, त्यांच्यामागं ठिपके, आणि सगळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं. साखऱ्याच्या देवीला लोक आता 'फोटूची देवी' म्हणत. दूरदूरची माणसं तापाची लेकरं घेऊन येत आणि फिल्मच्या कडेला डोकं लावून जात. पाच वर्षांत ज्या छातीला एवढे नमस्कार झाले, तिच्या मालकिणीला मात्र एक दाखला मिळत नव्हता.

देवीचे भगत सटवाजी. अंगानं भरदार, गळ्यात कवड्यांची माळ, आणि फोटू आल्यापासून पोट एका वितीनं पुढं. आम्ही पायरीशी आलो तर त्यांनी हात वर केला.

"सर, तुमी या. त्यो मानूस खाली थांबंल."

पुंजाजी बौद्ध आहेत हे सटवाजींना कोणी सांगितलं नव्हतं. या कामी आमच्या गावांना कोणी सांगावं लागत नाही. बाकी कसलंही निदान करायला वर्षं लागतील, हे निदान पायरीपाशी, बिनफोटोचं, अर्ध्या मिनिटात होतं.

"मला तुमच्या आत यायची हौस न्हाई," पुंजाजी म्हणाले. "तुमचा दगड तुमाला लखलाभ. पर मागं टांगलंय ते माझं काम हाय. ह्या हातानं काढलं, ह्या हातानं धुतलं. त्याला तुमी रोज कुकू लावून राह्यले, अन् हातवाल्याला पायरीखाली उभं करून राह्यले. बराबर हाय. चालू द्या."

"फोटू हालवला तर माय कोपंल," सटवाजी म्हणाले. "गावात पुन्हा साथ येईल. कोन निस्तरंल?"

"कोपायचं असतं तर तुमी कुकवाच्या ताटलीतले रुपये खिशात घालता तवाच कोपली असती," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली. गर्दी जमली होती. साखऱ्यात त्या दुपारी दुसरं काही नव्हतं.

जनकाबाई आली. शेतातून आली होती, कासोटा तसाच खोचलेला. तिनं लेकीकडं पाहिलं, मग झरोक्याकडं.

"आये, सोमवारी दाखला पाहिजे," पंचफुला म्हणाली. "नाही तर क्षयाची म्हणून बसावं लागेल घरी."

जनकाबाईचा चेहरा मला आजही आठवतो. एका बाजूला लेकीला जगवणारी देवी, दुसऱ्या बाजूला लेक. ती हळूच म्हणाली, "मायनं वाचवली माझी पोरगी. तिचं तिला दिलेलं कसं मागू?"

"मायनं वाचवली, मंग गाडी जुंपून दवाखान्यात काहून आनली व्हती?" खालून पुंजाजी.

"तुमी गप बसा हो, भाऊ!" जनकाबाई एकदम उसळली. "दोघायनं वाचवली. दवाखान्यात तुमी पाजलेलं पानीबी मी इसरले न्हाई अन् मायचे उपकारबी न्हाई. सटवाजी, कौल लावा. माय दे म्हनली तर घेते, न्हाई तर न्हाई."

हे कोणालाच नाकारता येईना. सटवाजींनी ज्वारीचे दोन दाणे ओले करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवले. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. सगळे बसले. दगडावरचा ओला दाणा पडण्याची वाट पाहत पन्नास माणसं बसली आहेत, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. पुंजाजी पायरीखाली उकिडवे बसून म्हणाले, "या उन्हात पाच मिनिटांत सुकून पडंल. मी फिल्मा वाळवतो, मला ठाऊक हाय. देवी बोलंल तवा बोलंल, ऊन आधी बोलंल."

चौथ्या मिनिटाला दाणा पडला. आमच्या डाव्या हाताचा.

गर्दीतून 'अरेरे' निघालं. सटवाजींनी हात जोडले आणि चेहऱ्यावर दुःख आणलं. "डावा! मायचा नकार."

पंचफुला उठली. पदर खोचला आणि चपला शोधू लागली. तेवढ्यात खालून प्रश्न आला.

"कोनाचा डावा?"

"कोनाचा म्हंजे?" सटवाजी.

"तुमचा डावा का देवीचा डावा?" पुंजाजी उठून उभे राहिले. पायरी त्यांनी ओलांडली नाही. "ती तुमच्या समोर तोंड करून बसली हाय ना? मंग तिचा उजवा खांदा तुमच्या डाव्या हाताला येतो. छातीच्या फोटूतबी तसंच असतं. समोरून पाह्यलं की डावं ते उजवं. डाक्टर लोक इथंच चुकतात, म्हून मी फिल्मवर डाव्या-उजव्याचं शिशाचं अक्षर लावतो. तुमच्या देवीला कोनी अक्षर लावलं न्हाई."

पन्नास माना देवीच्या खांद्यांकडं वळल्या.

"कौल मानसाच्या हातानं मोजतात," सटवाजी म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"व्हय का?" जनकाबाई पुढं झाली. "अन् दोन सालामागं तुमच्या म्हशीच्या वक्ताला? तवा देवीचा खांदा धरला व्हता न्हाई? डावीकडचा पडला अन् तुमी म्हनले, मायचा उजवा हाय, म्हैस माझीच. इचारा तुमच्या शेजाऱ्याला, भांडन त्याच्यासंगंच व्हतं!"

शेजारी गर्दीतच होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग त्याला म्हैस आठवली. पाठोपाठ एकाला बांध आठवला, एकीला सोयरीक आठवली. सटवाजींनी कधी आपला उजवा धरला आणि कधी देवीचा, याचा गावानं तिथल्या तिथं पंचनामा सुरू केला. जनकाबाईनं त्या गोंधळाकडं पाहिलंही नाही. मला म्हणाली, "सर, घ्या तुमी. माय हो म्हनली."

मी आत गेलो. सवयीनं जे करायचं ते केलं आणि दोरा सोडवून फिल्म बाहेर आणली. पुंजाजींनी ती दोन्ही हातांच्या कडांनी धरली, उन्हाकडं केली आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुच्छतेचा शब्द आला नाही. "पिवळी पडली न्हाई," ते म्हणाले. "पाच साल तेल-धूर खाऊन पिवळी पडली न्हाई. धुताना तासभर वाहतं पानी दिलं व्हतं." आणि लगेच भानावर येऊन, "कुकवाचं तेवढं गावठी तेलात कालवलंय, येड्यायनं."

गुरुवारचा सगळा दिवस ते ती फिल्म साफ करत होते. कापसाच्या बोळ्यानं, गार पाण्यात, एकेक बोट. मी मदत करायला पुढं झालो तर त्यांनी दाराची आतून कडी लावली. उजव्या बाजूचा एक कोपरा कुंकवासोबत गेला. बाकीचं राहिलं, नंबरासकट.

शुक्रवारी दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी लागल्या. फासळीचं तेच बेचकं, तीच छाती. आणि मग एकेक ठिपका. पुंजाजी पेन्सिलीचं टोक इथं ठेवत, मग तिथं. लाही, कणी. लाही, कणी. नवे डॉक्टर आधी उभ्यानं पाहत होते. मग त्यांनी खुर्ची ओढली, मग चष्मा काढून पुसला. सव्वीस ठिपके झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"पुरे. दाखला लिहितो," ते म्हणाले. मग बहुधा एवढं बोलून मोठेपणा जाईल असं वाटून मला एक छोटं व्याख्यान दिलं: मोठ्या वयातल्या कांजिण्यांचा न्यूमोनिया, त्याचे भरून आलेले डाग, आणि जुनी फिल्म पाहिल्याशिवाय घाई करू नये हा नियम. नियम उत्तम होता. सोमवारी तो कुठं होता कोण जाणे. दाखल्यावर 'जुन्या फिल्मशी मी स्वतः ताडून पाहिले' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. पुंजाजींचं नाव घालायला दाखल्यात रकाना नव्हता.

पंचफुला दाखला पदरात बांधून वसमतच्या गाडीनं गेली. पुढच्या नावाच्या आधी तिला हट्ट्यात खोली शोधायची होती. जाताना माझ्या पाया पडली. पुंजाजींच्या पाया पडायला वाकली तर ते दोन पावलं मागं सरले. "पाया नको पडू. दर साली फोटू काढून घे, अन् फोटू देवळात नको देऊ."

मग व्हरांड्यात आम्ही दोघंच उरलो. काम फत्ते झालं होतं, आणि अशा वेळी माझ्यासारख्या माणसाला चार मोठे शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. साखऱ्याहून परतल्यापासून ते माझ्या घशाशी आले होते. पुंजाजी ओल्या फिल्मांच्या क्लिपा तारेला अडकवत होते. मी घसा साफ केला.

"पुंजाजी, मुलीचं काम झालं, पण एक गोष्ट मनातून जात नाही. तुमच्यासारख्या माणसाला त्या सटवाजीनं पायरीखाली उभं केलं. मी तुमच्याबरोबर होतो. शरमेनं माझी मान खाली गेली हो तेव्हा."

त्यांनी शेवटची क्लिप अडकवली, हात एप्रनला पुसले.

"मान खाली गेली व्हती, तर आत जाऊन घंटा काहून वाजवली, सर?"